आदिवासी ओळख आणि शिक्षक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे प्रश्न हमखास येतात. काही सभागृहात मोठ्याने विचारले जातात, काही मधल्या सुट्टीत जवळ येऊन हळू आवाजात. मला दुसऱ्या प्रकारचे जास्त मोलाचे वाटतात. इथे दोन्ही घेतले आहेत.

आदिवासी म्हणजे नेमकं कोण?

बाहेरून आलेल्यांनी एखाद्या भूमीवर सत्ता बसवली, त्याआधीपासून तिथे राहत असलेले समाज. नव्या व्यवस्थेत ते कडेला ढकलले गेले, तरीही त्यांनी आपली भाषा, आपले रीतिरिवाज आणि जमिनीशी असलेलं नातं पुढच्या पिढीच्या हाती देण्याची धडपड सोडली नाही. संयुक्त राष्ट्रांनी याची एकच पक्की व्याख्या मुद्दामच केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक होसे मार्तिनेझ कोबो यांनी १९८० च्या दशकात पूर्ण केलेल्या मोठ्या अभ्यासातलं वर्णन कामापुरतं वापरलं जातं. तो समाज स्वतःला कोण समजतो, याला त्यात मोठं वजन आहे.

संख्या लहान नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे ९० देशांत मिळून ४७.६ कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या सहा टक्क्यांच्या आसपास. त्यांत बर्फावर शिकार करणारे इनुइट आहेत, उत्तर युरोपात रेनडियर पाळणारे सामी आहेत, अॅमेझॉनच्या खोऱ्यातले शेकडो समाज आहेत. आणि शहरात बसने कामाला जाणारी माणसंही आहेत. न्यूझीलंडमधले बहुसंख्य माओरी आज शहरांत राहतात. रान सुटलं म्हणून ओळख सुटत नाही. शिक्षकांच्या मनातलं चित्र बहुतेक वेळा इथेच अडकलेलं असतं, म्हणून हे आधीच सांगितलं.

'आदिवासी' म्हणावं, 'मूलनिवासी' म्हणावं की आणखी काही?

मराठीत मी 'आदिवासी' वापरते. 'मूलनिवासी' या शब्दाला आपल्याकडे सामाजिक चळवळींमुळे एक वेगळा, जास्त व्यापक राजकीय अर्थ आला आहे. त्यामुळे माओरी किंवा सामी लोकांबद्दल तो वापरला की घोटाळा होतो. 'वनवासी' या शब्दाला अनेक आदिवासी संघटनांचा विरोध आहे आणि तो मला पटतो. वनात राहणारा एवढंच त्यातून कळतं, इथे पहिला कोण होता हे त्यातून गळून जातं. छोटा नागपूरमध्ये १९३८ साली आदिवासी महासभा उभी राहिली, तेव्हा हे नाव विचार करूनच घेतलं होतं. पुढे आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा यांनी संविधान सभेत याच शब्दाचा आग्रह धरला.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या त्या समाजाचं स्वतःचं नाव. 'एस्किमो' हे दुसऱ्यांनी दिलेलं नाव. कॅनडा आणि ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. 'लॅप' हा शब्द सामी लोकांना अपमानाचा वाटतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत हे शब्द अजून सापडतात. सापडले की मुलांसमोर दुरुस्त करा आणि दुरुस्ती का केली तेही सांगा.

भारतातले आदिवासी जगातल्या या समाजांमध्ये मोजले जातात का?

अनुभवाच्या अंगाने नक्कीच. कायद्याच्या भाषेत मात्र गुंता आहे. भारत सरकारची जुनी भूमिका अशी की स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय या भूमीचे मूळ रहिवासी. तरीही २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यावर मतदान झालं, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. आपल्या संविधानात शब्द आहे 'अनुसूचित जमाती'. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या १०.४३ कोटी होती, देशाच्या ८.६ टक्के.

पण यादी आणि ओळख एक नव्हेत. जमातींची यादी राज्यागणिक ठरते. संथाळ, मुंडा, उरांव झारखंडमध्ये अनुसूचित जमाती आहेत. त्यांचेच पूर्वज इंग्रजांच्या काळात चहाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आसामात नेले गेले आणि आसामात त्यांच्या वंशजांना अनुसूचित जमातीचा दर्जा नाही. तीच भाषा, तीच गोत्रं, फक्त मधे राज्याची सीमा. यादीत नाव नाही म्हणून वर्गातलं ते मूल आदिवासी नाही, असं शिक्षकाने म्हणायचं का?

मग कोण आदिवासी आणि कोण नाही, हे ठरवतं कोण?

हा प्रश्न बऱ्याचदा संशयाने विचारला जातो: 'आता काय, कुणीही उठून म्हणेल मी आदिवासी!' म्हणून थोडं सविस्तर सांगते, कारण हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती गेल्यावर काय होतं, हे इतिहासात स्पष्ट लिहिलेलं आहे.

कॅनडात १८७६ मध्ये 'इंडियन अॅक्ट' झाला. कोण 'इंडियन', म्हणजे तिथला आदिवासी, हे सरकार ठरवू लागलं. एखाद्या स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचा दर्जा जायचा, तिच्या मुलांचाही. पुरुषाने बाहेरची बायको केली तर त्याचं काही जात नसे, उलट त्या बायकोलाच दर्जा मिळे. मलिसीट या आदिवासी समाजातल्या सँड्रा लव्हलेस या स्त्रीने हे प्रकरण थेट संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे नेलं. १९८१ मध्ये समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि १९८५ मध्ये कायदा बदलावा लागला. मूळ १८७६ च्या कायद्यात आणखी एक तरतूद होती, ती प्रत्येक शिक्षकाने ऐकावी अशी आहे. विद्यापीठाची पदवी घेतली, वकील झाला, डॉक्टर झाला की तो माणूस कायद्याच्या नजरेत 'इंडियन' उरत नसे. शिकलास म्हणजे तू आता तुझ्या लोकांचा नाहीस, हे कायद्यानेच लिहून दिलेलं होतं.

अमेरिकेत रक्ताचा हिस्सा मोजायची पद्धत आली: अर्धा, पाव, अष्टमांश. तिची सावली अजून पुसलेली नाही. ऑस्ट्रेलियात आता तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात: वंश, स्वतःची ओळख आणि त्या समाजाने केलेला स्वीकार. त्यातली तिसरी मला सगळ्यांत अर्थपूर्ण वाटते. ओळख एकट्याची नसते, 'हा आमचा' म्हणणारं कुणीतरी लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याचं कलम ३३ हेच सांगतं की आपले सदस्य कोण, हे ठरवण्याचा हक्क त्या समाजाचा.

म्हणून वर्गात एक वाक्य कधीही बोलू नका: 'तू तर आदिवासी वाटत नाहीस.' हे कौतुक म्हणून बोललं जातं, हे मला ठाऊक आहे. ऐकणाऱ्याला त्यातून कळतं की आदिवासी वाटणं ही लाज आहे.

हा इतिहास शिक्षकांनीच का शिकावा? तलाठी, डॉक्टर, पोलिसांनी का नाही?

त्यांनीही शिकावा. पण आदिवासी ओळख मोडण्याचं काम सर्वांत पद्धतशीरपणे शाळेने केलं आहे. माझं सगळं म्हणणं या एका उत्तरात आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने कार्लाइल इथे आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. मूल आलं की केस कापायचे, घरचे कपडे काढून गणवेश घालायचा, नाव बदलायचं, मातृभाषेत बोललं तर शिक्षा. अनेक आदिवासी समाजांत केस कापतात ते कुणी गेल्यावर, शोकाचं चिन्ह म्हणून. त्या मुलांना पहिल्या दिवशी काय वाटलं असेल? शाळा मात्र आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढून जगाला दाखवत होती, की बघा, किती सुधारणा. प्रॅटचं १८९२ मधलं वाक्य प्रसिद्ध आहे: त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा. अमेरिकी सरकारच्याच २०२२ च्या अहवालात १८१९ ते १९६९ या काळातल्या अशा ४०८ सरकारी निवासी शाळांची नोंद झाली.

कॅनडात सुमारे दीड लाख मुलं अशा शाळांत गेली. सरकारचा पैसा आणि बहुतांश ठिकाणी चर्चचं व्यवस्थापन. १९२० पासून हजेरी सक्तीची झाली. मुलाला न पाठवणाऱ्या आईबापांवर कारवाई होई. डॉ. पीटर ब्राइस या सरकारी आरोग्य अधिकाऱ्याने १९०७ मध्येच लिहून दिलं होतं की या शाळांत क्षयाने मुलं भयंकर प्रमाणात मरत आहेत. अहवाल आला, वर्तमानपत्रांत छापला, शाळा चालूच राहिल्या. आजवर ४,१०० हून अधिक मुलांच्या मृत्यूच्या नोंदी मिळाल्या आहेत.

ऑस्ट्रेलियात साधारण १९१० ते १९७० या काळात मुलं थेट घरातून उचलून संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. त्यांना 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात. न्यू साउथ वेल्समध्ये गोऱ्या पालकांनी तक्रार केली की मुख्याध्यापक आदिवासी मुलाला सरकारी शाळेतून काढू शकत असे. हा नियम शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेतून गेला १९७२ मध्ये. नॉर्वेत शंभर वर्षांहून अधिक काळ सामी मुलांना 'नॉर्वेजियन करण्याचं' अधिकृत धोरण होतं आणि ते राबवणारा माणूस गावातला शिक्षक होता.

प्रत्येक ठिकाणी तेच: शाळा, वसतिगृह, हजेरीपट, शिक्षक. कातरी धरणारे हात शिक्षकाचे होते. आणि त्यातल्या अनेकांना मनापासून वाटत होतं की आपण या मुलांचं भलं करतोय. मला सगळ्यांत अस्वस्थ हे करतं. वाईट माणसांपासून सावध राहणं सोपं असतं. इथे सद्हेतूने, शिस्तीत, चांगल्या अक्षरात नोंदी ठेवून एका मुलाला त्याच्या आजीची भाषा परकी केली गेली. सद्हेतू माझ्याकडेही आहे, तुमच्याकडेही आहे. म्हणून तो पुरत नाही. आधी काय झालं हे माहीत असावं लागतं.

पण हे सगळं जुनं झालं ना?

कॅनडातल्या शेवटच्या निवासी शाळा १९९६-९७ मध्ये बंद झाल्या. तिथे शिकलेले लोक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांची मुलं आत्ता शाळेत आहेत. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ११ जून २००८ ला, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये.

आदिवासी पालक शाळेत फिरकत नाहीत. ही अनास्था नाही का?

मीही एकेकाळी असंच समजत होते. मग एका पालकाने सांगितलं, 'बाई, शाळेच्या दारात आलो की अजून पोटात गोळा येतो.' तो स्वतः शाळेत असताना रोज त्याच्या बोलीवरून त्याची नक्कल केली जाई. अनास्था असती तर त्याने मुलीला रोज इतकं चालवत पाठवलं नसतं. येत नव्हता तो फक्त पालकसभेला, कारण तिथे पुन्हा त्याच बाकावर बसून त्याच सुरात ऐकून घ्यावं लागणार होतं.

निवासी शाळांच्या देशांतही हेच दिसतं. ज्या आजोबांकडून शाळेने भाषा घेतली, नाव घेतलं, भावंड घेतलं, त्यांच्या नातवाच्या घरात शाळेबद्दल विश्वास कसा उगवणार? तो एका सभेने येत नाही. पहिल्या भेटीला शिक्षकाने घरी जावं, तक्रार न घेता जावं आणि मुलाचं एखादं चांगलं काम सांगून परत यावं. दुसरी भेट सोपी होते.

माझ्या वर्गात एकही आदिवासी मूल नाही. मला याची काय गरज?

खरं तर जास्त गरज तुम्हालाच आहे. आदिवासी मुलाला घरातून थोडं तरी कळतं. तुमच्या वर्गातल्या मुलांना जे कळेल ते तुमच्याकडूनच किंवा मग चित्रपटांतल्या पिसांच्या टोप्यांतून. त्यातलीच काही मुलं उद्या वनखात्यात, न्यायालयात, खाणीच्या कंपनीत बसून आदिवासींच्या जमिनीवर सही करणार आहेत. आणि 'एकही नाही' ही खात्री कशावरून? कित्येक मुलं आडनाव सांगून गप्प बसतात.

मी गणित-विज्ञान शिकवतो. हा विषय इतिहासवाल्यांचा ना?

दोन गोष्टी सांगते, मग तुम्हीच ठरवा.

१८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजं घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात गेले. १२९ माणसांपैकी एकही परतला नाही. १८५४ मध्ये जॉन रे या संशोधकाने इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिगत लंडनला कळवली: जहाजं बर्फात अडकली, माणसं उपाशी मेली आणि शेवटी त्यांनी एकमेकांचं मांसही खाल्लं. लंडनमधल्या प्रतिष्ठितांनी हे सांगणाऱ्या इनुइटांनाच खोटं ठरवलं. इनुइट मात्र जहाज कुठे बुडालं ते पिढ्यान् पिढ्या सांगत राहिले. २०१४ मध्ये 'एरेबस' सापडलं, इनुइट सांगत होते त्याच भागात. २०१६ मध्ये 'टेरर' सापडलं, तेही एका इनुइट माणसाने दिलेल्या माहितीवरून. दीडशेहून जास्त वर्षं पुरावा समोर होता, ऐकायची तयारी नव्हती.

दुसरी गोष्ट. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांत एका रात्रीची कथा सांगतात: जमीन हलली, मग समुद्र आला आणि गावंच्या गावं घेऊन गेला. जपानमध्ये जानेवारी १७०० मध्ये भूकंपाशिवाय आलेल्या एका त्सुनामीची लेखी नोंद होती. तिचं मूळ कुणाला उमगत नव्हतं. भूवैज्ञानिकांनी किनाऱ्यावरची बुडालेली जंगलं, वाळूचे थर आणि जपानी नोंदी जुळवल्या, तेव्हा २६ जानेवारी १७०० च्या रात्री झालेल्या महाभूकंपाचा छडा लागला. कथेतली रात्र खरी होती.

निरीक्षण, नोंद, पडताळा यांवर विज्ञानाच्या तासाला याहून चांगला धडा मला माहीत नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ मध्ये देल्गामुक्व खटल्यात मान्य केलं की जमिनीच्या हक्काच्या दाव्यात मौखिक इतिहास पुरावा म्हणून विचारात घ्यायला हवा.

मूल घरची भाषा बोलतं. शाळेची भाषा पक्की व्हावी म्हणून ती थांबवावी का?

नाही. घरची भाषा ही शाळेच्या भाषेची पायरी आहे, ती काढली की मूल वर चढत नाही, खाली पडतं.

नवाहो मुलांना अमेरिकेतल्या निवासी शाळांत मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षा होई, तोंड साबणाने धुतलं जाई. १९४२ मध्ये त्याच समाजातल्या २९ तरुणांना अमेरिकी सैन्याने बोलावलं आणि त्यांच्या भाषेवर सांकेतिक बोली बेतून घेतली. पॅसिफिकमधल्या लढायांत ती जपान्यांना कधीच फोडता आली नाही. काम गुप्त होतं, म्हणून घरी परतल्यावरही त्यांना ते १९६८ पर्यंत कुणाला सांगता आलं नाही. मला या हकिगतीचा अभिमान वाटण्याआधी राग येतो: युद्धात उपयोग झाला म्हणून त्या भाषेला मोल, एरवी साबण.

माओरी लोकांनी वेगळी वाट काढली. १९७२ मध्ये शाळांत माओरी शिकवावी म्हणून तीस हजारांहून अधिक सह्यांचं निवेदन संसदेला दिलं गेलं. सरकारची वाट बघत न बसता १९८२ मध्ये त्यांनी 'कोहांगा रेओ' सुरू केले. याचा अर्थ भाषेचं घरटं. शाळेत जाण्याआधीच्या वयाची मुलं आणि भाषा येणाऱ्या आज्या एकत्र. बोलायचं ते फक्त माओरीत. १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. हवाईने १९८४ मध्ये तेच घरटं उचललं. आपल्याकडे पंडित रघुनाथ मुर्मू यांनी संथाळीसाठी १९२५ मध्ये ओल चिकी लिपी घडवली आणि २००३ मध्ये संथाळी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली.

शिक्षकाला ती भाषा येत नसली तरी चालेल. वर्गात ती बोलली जाते तेव्हा तुमच्या कपाळावर आठी येत नाही ना, एवढं आधी पाहा. मग रोज एक शब्द मुलाकडून शिका. मूल शिकवतंय आणि शिक्षक चुकतोय, हे वर्गाने बघू द्या.

आदिवासी दिनाला नाच, पोशाख, चित्रं एवढं केलं तर पुरेसं नाही का?

९ ऑगस्ट ही तारीख कुठून आली, हे त्या दिवशी तरी सांगता का? १९८२ मध्ये याच दिवशी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली. म्हणजे तारीख हक्कांच्या मागणीची आहे. त्या मागणीतून २५ वर्षांनी, १३ सप्टेंबर २००७ ला जाहीरनामा आला. बाजूने १४४ देश, विरोधात चार: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चौघांनीही नंतर भूमिका बदलली. हे चारच का, असं दहावीच्या मुलांना विचारून बघा, तास कसा रंगतो ते.

नाचाला माझा विरोध नाही. पण इतर मुलांना कागदी पिसं लावून, तोंडाला रंग फासून उभं करू नका. काही वस्त्रं, काही गाणी विशिष्ट प्रसंगाची, विशिष्ट घराण्याची असतात. ती मिरवायची नसतात. कुणाला विचारलं होतं, एवढा एक प्रश्न आयोजकांनी स्वतःला करावा.

वर्गातल्या आदिवासी मुलाला 'तुमच्यात कसं असतं ते सांग' असं म्हणावं का?

स्वतःहून सांगितलं तर ऐका. उभं करून विचारू नका. मी हे केलं आहे. ती मुलगी खाली मान घालून उभी राहिली आणि नंतर दोन दिवस शाळेत आली नाही. मला वाटलं होतं मी तिला मान देतेय.

निवासी शाळांचा इतिहास इतका क्रूर आहे. लहान मुलांना कसा सांगायचा?

वयाप्रमाणे. फिलिस वेब्स्टॅड सहा वर्षांच्या होत्या. १९७३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या निवासी शाळेत जाताना आजीने त्यांना नवा, झळझळीत नारिंगी सदरा घेऊन दिला. पहिल्याच दिवशी शाळेने तो काढून घेतला, परत कधी दिला नाही. मोठेपणी त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि २०१३ पासून कॅनडात ३० सप्टेंबरला नारिंगी सदरा घालायची प्रथा सुरू झाली. २०२१ पासून त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते. दुसरीच्या मुलाला एवढी गोष्ट पुरते. आजीने दिलेली वस्तू कुणी काढून घेणं म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. मृत्यू, अत्याचार, कायदे हे मोठ्या इयत्तांसाठी ठेवा. आणि सोसण्याबरोबर लढण्याच्या गोष्टीही सांगा, नाहीतर मुलांच्या मनात आदिवासी म्हणजे फक्त बिचारे राहतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या मेर बेटावरच्या एडी कोइकी माबो यांनी दहा वर्षं खटला चालवला. ३ जून १९९२ ला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ही जमीन कुणाचीच नव्हती' हे दोनशे वर्षांचं गृहीतक मोडून काढलं. निकालाच्या साधारण साडेचार महिने आधी माबो वारले होते.

मग आदिवासी संस्कृतीतलं सगळंच चांगलं म्हणायचं का?

नाही. सँड्रा लव्हलेसला कायद्याविरुद्ध लढताना आपल्याच समाजातल्या काही पुरुषांचाही विरोध सहन करावा लागला. आदिवासी समाजांत मतभेद आहेत, बदल आहेत, अन्याय आहे, अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्या बायका आहेत, जसे प्रत्येक समाजात असतात. 'भोळे, निसर्गपूजक, निष्पाप' ही वर्णनं प्रेमाने केलेली असली तरी ती माणसाला चित्रात कोंबतात. भोळा म्हटलं की त्याच्या वतीने निर्णय घ्यायला आपण मोकळे. मला हा शब्द 'मागास' इतकाच धोक्याचा वाटतो.

पाठ्यपुस्तकात काय तपासायचं?

क्रियापदं. 'कोलंबसने अमेरिकेचा शोध लावला.' तिथे ताईनो हे आदिवासी लोक राहत होतेच, त्यांना ती सापडलेली होती. 'जंगलं राखीव झाली.' झाली की केली? कुणी केली? भारतात १८७८ च्या वन कायद्याने सरकारने केली आणि पिढ्यान् पिढ्या तिथून लाकूडफाटा, मध, कंद आणणारी माणसं एका कायद्याने चोर ठरली. मराठीत कर्ता लपवणं फार सोपं आहे, 'जमिनी गेल्या', 'लोक विस्थापित झाले', 'भाषा लोप पावली'. प्रत्येक वाक्यात मुलांना कर्ता शोधायला लावा. व्याकरणाचा तासही होतो. शिवाय काळ बघा: 'आदिवासी झोपड्यांत राहत असत', भूतकाळात. जणू आता ते कुठे नाहीतच.

मी स्वतः आदिवासी नाही. बोलताना चुकले तर?

चुकाल. दुरुस्त करा, माफी मागा, पुढे चला. चुकीच्या भीतीने गप्प राहणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात ती पानं कोरीच राहतात. मात्र जे माहीत नाही ते आदिवासींच्या वतीने सांगू नका; त्यांच्यातल्या लेखकांचं, जाणकारांचं, कलावंतांचं म्हणणं वर्गात आणा. कुणाला वर्गात बोलावलं तर इतर पाहुण्या तज्ज्ञाला देता तेवढंच मानधन द्या. 'संस्कृती सांगायची म्हणजे प्रेमाने, पैसे न घेता' हे त्यांनी म्हणावं, आपण नाही.

सुरुवात कुठून करू?

कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतल्या काही थेट शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल आहेत. ऑस्ट्रेलियात आदिवासी मुलांना शिकवता येणं आणि आदिवासी इतिहास, भाषा, संस्कृती समजणं हे शिक्षकांच्या राष्ट्रीय निकषांतच लिहिलेलं आहे. तिथे सभेच्या आरंभी ही भूमी कोणत्या समाजाची, याचा उल्लेख करतात. तो अनेकदा यांत्रिक होतो, पाठ केलेल्या प्रार्थनेसारखा. तरी त्यामागचा प्रश्न चांगला आहे.

तोच घ्या. तुमची शाळा ज्या जमिनीवर उभी आहे, तिथली नदी, डोंगर, माळ यांना तिथल्या पहिल्या लोकांच्या भाषेत काय म्हणत होते, हे त्या समाजातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा. उच्चार त्यांच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या. मग ते नाव फळ्यावर लिहा आणि त्या दिवशी संध्याकाळी पुसू नका.